३३८९ नंबरचं दार: रिमोट लॉगिनवरचा पासवर्डचा मारा आणि त्याचा बंदोबस्त

जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल घ्या, रावेरचा केळीचा व्यापारी घ्या, नाहीतर नंदुरबारचा मिरचीवाला. मांडणी बहुतेक ठिकाणी एकच. ऑफिसात एक विंडोज मशीन, त्यावर टॅली. शेठना रात्री जेवणानंतर घरून उधारी बघायची असते, सीएच्या ऑफिसातल्या मुलाला २० तारखेच्या आत जीएसटीचा थ्री-बी (महिन्याचा रिटर्न) भरायचा असतो. मग कॉम्प्युटरवाला येतो, मशीनवर रिमोट डेस्कटॉप (बाहेरून मशीन चालवण्याची विंडोजची सोय) चालू करतो, राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या नंबर लावलेल्या दारांपैकी एक, त्या मशीनकडे वळवतो, बाहेरून एकदा लॉगिन करून दाखवतो आणि चहा घेऊन निघतो. काम अर्ध्या तासाचं.

त्या अर्ध्या तासात मशीन शेठच्या घराला जोडलं गेलं आणि त्याच वेळी सगळ्या जगालाही. ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट. तिथे जो कोणी येईल त्याला मशीन लॉगिनची खिडकी दाखवतं. समोरचा शेठ आहे की चोर, हे ठरवायला त्याच्याकडे एकच कसोटी असते: नाव आणि पासवर्ड.

“आपल्याला कोण ओळखतंय? एवढ्याशा गावात कोण येणार?” हे वाक्य यावर हमखास ऐकायला मिळतं. पण इथे गाव कोणी शोधत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे इंटरनेटवरचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, आणि एक गिगाबिटची जोडणी असलेल्या एकाच मशीनवरून या सगळ्या पत्त्यांवरचा एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून दाखवला. तेव्हापासून साधनं आणखी वेगवान झाली आणि फुकट मिळायला लागली. एखाद्या पत्त्यावर ३३८९ उघडा असेल तर तो यादीत जातोच. यादीत गावाचं नाव नसतं, फक्त आकडे असतात.

मारा नेमका कसला असतो

ब्रूट फोर्स म्हणजे किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक किल्ली लावून बघणं. पण शक्य असलेल्या सगळ्या किल्ल्या कोणी लावत नाही. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे पासवर्ड किती होतात? २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. रिमोट लॉगिनवर सेकंदाला एक प्रयत्न धरला तर सगळे संपायला साडेसहा हजार वर्षं लागतील. एवढा वेळ चोराकडेही नसतो.

त्याच्याकडे यादी असते. लोक जे पासवर्ड खरोखर ठेवतात त्यांतले पहिले दहा हजार. सेकंदाला एक या दराने ही यादी पावणेतीन तासांत संपते. रात्री अकराला सुरुवात केली तर दोन वाजायच्या आत. यादी किती छोटी असली तरी चालतं याचा दाखला म्हणजे २०१६ सालचा मिराई नावाचा घुसखोर प्रोग्राम. घरोघरच्या राउटरांवर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर त्याने जेमतेम साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहिल्या आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. कंपनीने घातलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. तुमच्या गोडाऊनचा डीव्हीआर मोबाईलवर दिसावा म्हणून राउटरमध्ये त्याचाही पोर्ट उघडलेला असेल, तर पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

आपल्याकडच्या पासवर्डची जातकुळी तर ठरलेलीच. फर्मचं नाव, ॲटचं चिन्ह, १२३. किंवा गावाचं नाव, ॲट, चालू साल. पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान, एक चिन्ह, तीन आकडे. विंडोजच्या गुंतागुंतीच्या नियमात हे सगळं बसतं, म्हणून मशीन तक्रार करत नाही. आणि यादी बनवणाऱ्यालाही हा साचा तितकाच पाठ असतो. यात विंडोजची एक गंमत आहे. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्यावर बाहेरून लॉगिन करायला विंडोज मुळातच नकार देतं. त्यामुळे वर्षानुवर्षं बिनपासवर्डाच्या मशीनवर रिमोट चालू करताना काहीतरी पासवर्ड घालावाच लागतो, आणि घाईघाईत “सध्या १२३४५६ टाकून देऊ, नंतर बदलू” असं ठरतं. ते नंतर कधी उजाडत नाही.

माऱ्याचे आणखी दोन प्रकार माहीत असायला हवेत, कारण कुलपं निवडताना त्यांचा विचार करावा लागतो. एकात पासवर्ड एकच घेतात आणि नावं पन्नास लावतात. प्रत्येक नावावर एकच चूक होत असल्याने “इतक्या चुकांनंतर खातं बंद” हा नियम लागूच होत नाही. दुसऱ्यात अंदाज बांधायचीही गरज नसते. एखाद्या वेबसाइटवरून फुटलेला तुमचा खरा ईमेल आणि खरा पासवर्ड इथे लावून बघतात. दोन्हीकडे तोच ठेवला असेल तर एका फटक्यात काम. हा मारा एकाच पत्त्यावरून येतो असंही नाही. २०१९ मध्ये हडपलेल्या मशीनांचं गोल्डब्रूट नावाचं जाळं सापडलं, त्याच्या यादीत रिमोट डेस्कटॉपची १५ लाखांहून जास्त मशीनं होती. जाळ्यातलं प्रत्येक मशीन एका सर्व्हरवर एकच प्रयत्न करायचं आणि बाजूला व्हायचं. पत्ता पाहून अडवणाऱ्याला प्रत्येक वेळी नवा चेहरा दिसायचा.

आपल्याकडे चाललंय का, हे बघा

मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी, उजवीकडे फिल्टर करंट लॉग, आणि इव्हेंट आयडीच्या जागी ४६२५. हा फसलेल्या लॉगिनचा क्रमांक. पोर्ट उघडा असेल तर इथे हजारोंनी ओळी दिसतील. पहिल्यांदा बघणाऱ्याचं धाबं दणाणतं.

त्यातली एकच ओळ दोनदा क्लिक करून उघडा. अकाउंट नेमच्या पुढे लावलेलं नाव असतं: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, बॅकअप, स्कॅनर, युजर. खाली सब स्टेटस नावाचा लांबलचक आकडा असतो, त्याचं शेपूट फक्त वाचायचं. शेवटी ६४ असेल तर त्या नावाचं खातंच तुमच्या मशीनवर नाही. चोर हवेत गोळ्या मारतोय. शेवटी ६ए असेल तर नाव बरोबर आहे, पासवर्ड तेवढा चुकला. म्हणजे अर्धी किल्ली त्याच्याकडे आहे. २३४ असेल तर ते खातं तेव्हा आधीच लॉक झालेलं होतं. लॉगऑन टाइप बहुधा ३ दिसेल. रिमोट डेस्कटॉपचा टाइप १० असतो असं वाचलेले लोक इथे गोंधळतात. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलं की आधी पासवर्ड तपासला जातो आणि मग पडदा उघडतो, म्हणून फसलेला प्रयत्न साध्या नेटवर्क लॉगिनसारखा नोंदला जातो. सोर्स नेटवर्क ॲड्रेसच्या पुढे बाहेरचा पत्ता असतो. तो कुठल्या देशातला आहे हे शोधत बसू नका, ते मशीनही बहुधा कुणातरी तिसऱ्याचंच हडपलेलं असतं.

आता खरी तपासणी. फिल्टरमध्ये ४६२५ काढून ४६२४ घाला. हा यशस्वी लॉगिनचा क्रमांक. यात मशीनची स्वतःचीही पुष्कळ भरताड असते, म्हणून लॉगऑन टाइप १० च्या ओळी बघा. अर्धवट सोडलेलं सत्र परत जोडलं असेल तर टाइप ७ असतो. पत्ता आणि वेळ जुळवा. पहाटे तीनला सीएच्या ऑफिसातलं कोणी लॉगिन करत नाही. हजारो ४६२५ हा नुसता आवाज असतो, त्यांच्या मागोमाग आलेला एक अनोळखी ४६२४ ही बातमी असते.

लॉग सगळा मिळेलच असं नाही. विंडोज १० वर सिक्युरिटी लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते. जोरात मारा चालू असेल तर ती थोड्याच वेळात भरते आणि नव्या ओळी जुन्या ओळी पुसत जातात. चोर सोमवारी आत आला आणि तुम्ही रविवारी बघितलं तर पुरावा वाहून गेलेला असतो. सिक्युरिटीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि मर्यादा वाढवून १ जीबी करा. आजच्या डिस्कवर तेवढी जागा म्हणजे काहीच नाही.

आधी दार बंद, बाकी सगळं मग

उपाय बरेच आहेत, पण क्रम चुकला की उपायच अंगावर येतो. पहिलं काम एकच: ३३८९ इंटरनेटवरून दिसता कामा नये.

उघडा आहे का हे ऑफिसच्या वायफायवरून तपासू नका, आतून सगळंच उघडं दिसतं. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्या, पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा ऑफिसचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट ३३८९ देऊन चालवा. उत्तरात टीसीपी टेस्ट सक्सीडेडच्या पुढे ट्रू आलं की दार उघडं आहे. मग राउटरच्या पानावर जा. पोर्ट फॉरवर्डिंग, काही राउटरांत व्हर्च्युअल सर्व्हर, तिथली ३३८९ ची ओळ काढा. डीएमझेड नावाची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा, कारण तिने सगळेच पोर्ट त्या मशीनकडे वळवलेले असतात. यूपीएनपीही बंद करा. त्याच्या जोरावर आतली उपकरणं तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतात.

शेठ घरून कसे येणार? व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी, कुलूपबंद वाटेने. वायरगार्ड हा त्यातला साधा आणि फुकट पर्याय. त्याचा मोठा गुण असा की ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. “चुकीचा पासवर्ड” असंही म्हणत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे भिंतच दिसते, त्यामुळे ठोकायला दार सापडत नाही.

मांडणी अशी. ऑफिसच्या मशीनवर आणि शेठच्या लॅपटॉपवर वायरगार्ड टाका. दोन्हीकडे रिकामा टनेल (म्हणजे ती खासगी वाट) तयार केला की खासगी आणि सार्वजनिक अशी किल्ल्यांची जोडी आपोआप बनते. खासगी किल्ली ज्या त्या मशीनवरच राहते, व्हॉट्सॲपवर पाठवायची ती फक्त सार्वजनिक. ऑफिसच्या टनेलला पत्ता द्या १०.२०.३०.१/२४ आणि ऐकण्याचा पोर्ट ५१८२०. त्यात पीअर (म्हणजे समोरचं टोक) म्हणून लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली आणि अलाउड आयपीज १०.२०.३०.२/३२. लॅपटॉपवर पत्ता १०.२०.३०.२/३२, पीअर म्हणून ऑफिसची सार्वजनिक किल्ली, एंडपॉइंट म्हणजे ऑफिसचा बाहेरचा पत्ता आणि ५१८२०, अलाउड आयपीज १०.२०.३०.१/३२, आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५. राउटरमध्ये यूडीपी ५१८२० तेवढा ऑफिसच्या मशीनकडे वळवा आणि विंडोज फायरवॉलमध्येही त्याला इनबाउंड वाट द्या. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.) यानंतर शेठ टनेल चालू करतील आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये १०.२०.३०.१ हा पत्ता टाकतील. सीएच्या ऑफिसला वेगळी जोडी आणि १०.२०.३०.३ द्या. सीए बदलला तर त्याचा पीअर पुसला की संपलं, कोणाचाही पासवर्ड बदलावा लागत नाही.

हे पहिल्या फटक्यात चाललं नाही तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं. ऑफिसच्या मशीनचा आतला पत्ता राउटर बदलत राहतो आणि फॉरवर्डिंग जुन्या पत्त्यावर जातं. राउटरमध्ये तो पत्ता राखून ठेवा. दुसरं, टनेलचं नेटवर्क विंडोज पब्लिक समजतं आणि तुमचा रिमोट डेस्कटॉपचा फायरवॉल नियम फक्त प्रायव्हेटपुरता असतो, मग टनेल जोडलेला दिसतो पण लॉगिनची खिडकी येत नाही. तिसरं, काही जण अलाउड आयपीजमध्ये ऑफिसचं अख्खं १९२.१६८.१.०/२४ लिहितात. घरच्या राउटरचंही तेच नेटवर्क असेल तर लॅपटॉपला कोणतं कुठलं ते कळत नाही आणि घरचा प्रिंटरही बंद पडतो. म्हणून वर फक्त टनेलचा पत्ता दिला आहे.

चौथं कारण इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरचा) पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळालेला नाही. एकाच पत्त्यामागे कंपनीने अनेक गिऱ्हाइकं बसवली आहेत आणि पोर्ट फॉरवर्डिंग तिथे चालत नाही. अशा वेळी टेलस्केलसारखी सोय बरी. ती वायरगार्डवरच उभी आहे, पण दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. मात्र “आमच्याकडे सार्वजनिक पत्ताच नाही, म्हणजे आम्ही सुरक्षित” असं धरून चालू नका. आयपीव्ही६ वर मशीनला स्वतःचा थेट पत्ता असू शकतो. राउटरमधला आयपीव्ही६ चा फायरवॉल चालू आहे का, ते बघून घ्या.

टनेल नीट चालायला लागला की विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या इनबाउंड रूल्समध्ये रिमोट डेस्कटॉपचे नियम शोधा. यूजर मोड टीसीपी-इन, यूजर मोड यूडीपी-इन आणि शॅडो असे तीन असतात. प्रत्येकाच्या स्कोप टॅबमध्ये रिमोट आयपीखाली १०.२०.३०.०/२४ एवढंच ठेवा. उद्या कोणी राउटर बदलला आणि जुन्या सवयीने ३३८९ पुन्हा उघडला, तरी मशीन बाहेरच्याला दाद देणार नाही. हे काम मशीनसमोर बसून करा, रिमोटवरून नको. स्कोपमध्ये एक आकडा चुकला तर अर्ध्या वाक्यात सत्र तुटतं आणि मग ऑफिसची चावी कोणाकडे आहे ते शोधत बसावं लागतं.

पोर्ट बदलणं हा उपाय मात्र फार मिरवला जातो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ३३८९ च्या जागी दुसराच एखादा आकडा घालायचा. लॉगमधला गोंगाट कमी होतो हे खरं. पण दुकानाचा बोर्ड काढल्याने शटर मजबूत होत नाही. सगळे पोर्ट तपासणारी साधनं ते दारही शोधतातच.

खातं लॉक करण्याचा नियम

सेकपोल, म्हणजे विंडोजचं सुरक्षा नियमांचं पान, उघडा, अकाउंट पॉलिसीज, मग अकाउंट लॉकआउट पॉलिसी. थ्रेशोल्ड १० चुका, लॉकचा काळ १५ मिनिटं, मोजणी पुन्हा शून्यावर यायला १५ मिनिटं. आता एका नावावर दिवसाला जास्तीत जास्त ९६० प्रयत्न होऊ शकतात. पावणेतीन तासांत संपणारी दहा हजारांची यादी साडेदहा दिवसांवर जाते. विंडोजच्या होम आवृत्तीत सेकपोल नसतो, पण होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेताही येत नाही.

थ्रेशोल्ड ३ ठेवला तर जास्त भक्कम, असं वाटतं. तसं करू नका. एखाद्या मोबाईल ॲपमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो, तो आपोआप तीनदा लागतो आणि तुमचाच माणूस बाहेर राहतो. त्याहून वाईट म्हणजे दार उघडं ठेवून हा नियम लावणं. बाहेरचा मारा चालूच असतो, दर पंधरा मिनिटांनी दहा चुका होतातच, आणि खातं जवळजवळ कायम लॉक राहतं. नेमकी २० तारीख असते, थ्री-बी भरायचा असतो आणि अकाउंटंटला “खातं लॉक आहे” असं दिसत राहतं. मग कोणीतरी वैतागून नियमच काढून टाकतं. म्हणून आधी दार, मग लॉकआउट.

विंडोजमधलं मूळचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं पूर्वी या नियमातून सुटायचं, त्यावर कितीही प्रयत्न केले तरी ते लॉक व्हायचं नाही. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून त्यालाही लॉक करण्याची वेगळी सेटिंग आली: अलाउ ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट लॉकआउट. जुन्या मशीनवर ती आपोआप चालू झालेली नसते. खरं तर ते खातं रिमोटसाठी वापरूच नये. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं साधं खातं द्या, रिमोट डेस्कटॉप युजर्स गटात घाला, आणि ॲडमिनिस्ट्रेटर बंद करून ठेवा. “टॅली” नावाचं एकच खातं पाच जणांनी वापरलं, की लॉगमध्ये कोण आलं होतं हे कधीच कळत नाही.

पासवर्ड लांब ठेवा, अवघड नव्हे. फाशांनी निवडलेले चार असंबद्ध शब्द मनाने रचलेल्या आठ अक्षरांच्या चिन्हांकित पासवर्डापेक्षा लक्षात राहतात आणि टिकतातही. ७,७७६ शब्दांच्या यादीतून चार उचलले तर जोड्या ३६ कोटी कोटींच्या वर जातात. पण ते खरोखर फाशांनीच निवडा. भरीत, कळणा, तापी, कपाशी हे चार खानदेशी माणसाला बसल्या जागी सुचतात, आणि जे सहज सुचतं ते दुसऱ्यालाही सुचतं.

एक नाजूक गोष्ट. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तीन जणांना एकाच वेळी टॅली हवी म्हणून बऱ्याच ठिकाणी विंडोजची एक फाइल बदलून ही मर्यादा उडवलेली असते. ते परवान्याच्या विरुद्ध आहेच, पण इथे मुद्दा वेगळा. विंडोजचं अपडेट आलं की हा बदल मोडतो, म्हणून कॉम्प्युटरवाला अपडेट बंदच करून जातो. मग मे २०१९ च्या ब्लूकीपसारखी भोकं उघडी राहतात. त्यात जुन्या विंडोजवर नाव-पासवर्ड न लावताच रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरता येत होतं, आणि ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पासवर्ड कितीही लांब असो, अशा भोकापुढे तो काय करणार?

सर्व्हर लिनक्सचा असेल तर

संस्थेची वेबसाइट, कॉलेजचं प्रवेशाचं पोर्टल, असल्या भाड्याच्या सर्व्हरांवर एसएसएच (बाहेरून लॉगिन करायची सोय) चालतं, पोर्ट २२. इथे उपाय जास्त स्वच्छ आहे: पासवर्डच काढून टाका. एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ जातीची किल्ली बनवा, तिला पासफ्रेज द्या, सार्वजनिक भाग सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये घाला. किल्ल्यांच्या फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० परवानगी असावी, म्हणजे मालकाशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. खात्याच्या मूळ (होम) फोल्डरमध्ये इतरांना लिहिता येत असेल तर सर्व्हर किल्ली मुकाट्याने नाकारतो आणि माणूस तासभर किल्लीलाच दोष देतो. किल्लीने लॉगिन होतंय हे पाहूनच एसएसएचडी कॉन्फिगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन नो, केबीडी इंटरॲक्टिव्ह ऑथेंटिकेशन नो आणि परमिट रूट लॉगिन नो करा.

फसगत इथेच होते. क्लाउडवरच्या उबंटू या लिनक्समध्ये मुख्य फाइलच्या आधी एका उपफोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात, आणि एसएसएचमध्ये जो शब्द पहिल्यांदा भेटेल तोच धरला जातो. तिथल्या क्लाउड-इनिटच्या (सर्व्हर पहिल्यांदा उभा करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन येस असेल तर मुख्य फाइलमधला तुमचा नो कोणी विचारतच नाही. म्हणून एसएसएचडीला मोठ्या टीचा पर्याय देऊन चालवा, तो प्रत्यक्षात लागू असलेली सगळी मूल्यं छापतो. लहान टीने लिहिण्यातल्या चुका कळतात. सेवा पुन्हा सुरू करताना चालू खिडकी बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा आणि मगच पहिली सोडा.

फेलटूबॅन हे सॉफ्टवेअर लॉग वाचून चुका करणारा पत्ता अडवतं. मूळ मोजमाप १० मिनिटांत ५ चुका आणि १० मिनिटांची बंदी. बंदी तासाभराची केली तरी हरकत नाही, पण इग्नोअर आयपीमध्ये तुमचा स्वतःचा कायमचा पत्ता आधी घाला. डेबियन १२ या लिनक्सवर ते टाकल्या टाकल्या सुरूच होत नाही अशी तक्रार असते. तिथे जुनी ऑथ डॉट लॉग फाइल मुळात तयारच होत नाही, म्हणून जेल डॉट लोकलमध्ये बॅकएंड सिस्टमडी असं लिहावं लागतं. गोल्डब्रूटच्या पद्धतीपुढे फेलटूबॅन एकटं तोकडं पडतं. किल्लीवर चालणाऱ्या सर्व्हरवर त्याचं मुख्य काम लॉग स्वच्छ ठेवणं एवढंच उरतं.

कोणी आत आलेलंच असेल तर

नेटवर्कची वायर काढा. मशीन फॉरमॅट करू नका, निदान लॉग दुसऱ्या डिस्कवर घेईपर्यंत तरी. मग बघा: नवीन खाती, ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात कोण कोण आहे, टास्क शेड्युलरमध्ये न ओळखणारी कामं, तुम्ही न टाकलेलं दुसरं एखादं रिमोटचं सॉफ्टवेअर, आणि विंडोज डिफेंडरच्या वगळलेल्या फोल्डरांची यादी. चोर आत आला की आधी स्वतःसाठी मागचं दार करून ठेवतो, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून तो जात नाही. शंका राहिली तर मशीन नव्याने उभारा. त्या मशीनवरून जिथे जिथे लॉगिन केलं होतं, बँक आणि जीएसटी पोर्टल धरून, ते सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. वरचा २० एमबीचा लॉग इथेही नडतो.

आत आलेला बहुतेकदा टॅलीचा डेटा फोल्डर कुलूपबंद करून खंडणी मागतो. विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपीज, तो त्याआधीच पुसतो. ऑफिसातल्या मशीनला झेड ड्राइव्ह म्हणून कायम जोडलेली बॅकअपची डिस्क असते, तिच्यावरच्या फाइलीही त्याच झपाट्यात जातात, कारण मशीनला लिहिता येतं तिथे चोरालाही येतं. दोन यूएसबी डिस्क घ्या. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. बॅकअप झाला की काढून कपाटात, आणि एक डिस्क शेठच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली कंपनी दुसऱ्याच लॅपटॉपवरच्या टॅलीत रिस्टोअर करून शेवटच्या व्हाउचरची तारीख बघा. त्याच बैठकीत लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेऊन ३३८९ ची चाचणीही पुन्हा लावा. इंटरनेटवाल्याने मधल्या काळात राउटर बदलून दिलेला असतो आणि ते ऑफिसात कोणी कोणाला सांगितलेलं नसतं.